जुजुत्सूच्या आचार्या श्रीमती एडिथ गॅरड

शूर स्त्रियांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें नांव घेतांच घोड्यावर स्वार झालेली त्यांची मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु अशा कथा ऐकतांना एक शंका मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्या राणी होत्या. घोडा व तलवार यांचें शिक्षण त्यांना बालपणींच लाभलें. जिला यांतलें कांहींच लाभलें नाहीं, जी अंगानें लहानखुरी आहे, रस्त्यानें जातांना कोणी मोठ्यानें ओरडलें तरी जी दचकते, अशा सामान्य मुलीनें काय करावें ? या प्रश्नाचें उत्तर ज्या एका इंग्रज स्त्रीनें आपल्या उभ्या आयुष्यानें दिलें, तिचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. तिचें नांव एडिथ गॅरड, आणि तिची उंची अवघी चार फूट अकरा इंच होती.

एडिथ मार्गारेट विल्यम्स हिचा जन्म १८७२ सालीं इंग्लंडांतील बाथ या शहरीं झाला. पुढें तिचें बालपण वेल्समध्यें गेलें. तो काळ व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीचा होता. सुखवस्तु घरांतील स्त्रिया त्या वेळीं कंबर आवळून टाकणारा पोषाख व पायघोळ झगे घालीत. भरभर चालणें, धांवणें, मोठ्यानें बोलणें हीं स्त्रीस न शोभणारीं कृत्यें समजलीं जात. दुबळेपणा हा जणूं कुलीनतेचा एक दागिनाच मानला जात असे. अशा काळांत एडिथची ओढ मात्र व्यायामाकडे होती. १८९३ सालीं विल्यम गॅरड या गृहस्थांशीं तिचा विवाह झाला. विल्यम हे कसरत, कुस्ती व मुष्टियुद्ध यांचे शिक्षक होते. विवाहानंतर कांहीं काळानें हें जोडपें लंडन येथें राहावयास गेलें.

याच सुमारास लंडनमध्यें एक नवी विद्या येऊन दाखल झाली. एडवर्ड बार्टन-राइट नांवाचे एक इंजिनियर जपानांत कांहीं वर्षें राहून १८९८ सालीं इंग्लंडास परतले. तेथें त्यांनीं जुजुत्सु या जपानी मल्लविद्येचा परिचय करून घेतला होता. मागोमाग त्यांनीं जपानहून तरुण शिक्षकही बोलाविले. त्यांतील युकिओ तानी व सादाकाझु उयेनिशी हे दोघे पुढें विशेष नांवाजले. दोघेही अंगानें किरकोळ; परंतु रंगमंचावर उभे राहून ते धिप्पाड पहिलवानांस आव्हान देत आणि पाहतां पाहतां त्यांस लोळवीत. गॅरड पतिपत्नींची बार्टन-राइट यांच्याशीं १८९९ सालीं ओळख झाली. पुढें १९०४ सालीं उयेनिशी यांच्या गोल्डन स्क्वेअर येथील शाळेंत त्या दोघांनींही शिष्य म्हणून नांव घातलें. एडिथबाईंचें वय त्या वेळीं सुमारें ३२ वर्षांचें होतें. विद्यारंभाला आपलें वय उलटलें असें म्हणून त्या मागें राहिल्या नाहींत.

येथें कोणी विचारील कीं, पति मुष्टियुद्धाचे शिक्षक असतां या बाईंनीं परदेशची विद्या कां हातीं धरिली ? मुष्टियुद्धांत ज्याचा हात लांब व ठोसा भारी, त्याचें पारडें जड असतें. लहानखुऱ्या स्त्रीनें कितीही मेहनत केली तरी त्यांत तिला मर्यादा पडते. जुजुत्सूचें गणित निराळें आहे. माणूस उभा असतो तेव्हां त्याचा सारा भार दोन पावलांमधील जागेवर तोललेला असतो. तो भार त्या जागेबाहेर गेला कीं माणूस कितीही बलवान असो, तो पडावयाचाच. प्रतिस्पर्धी ढकलूं लागला तर अडून न राहतां मागें सरावें व त्यालाच ओढावें; तो ओढूं लागला तर त्याच्याच दिशेनें पुढें होऊन त्याला ढकलावें. अशा रीतीनें त्याचेंच बळ त्याला तोलाबाहेर नेतें. मग त्याच्या कमरेखालीं आपली कंबर नेऊन वांकलें कीं तो पाठीवरून पलीकडे जातो. आपल्या आखाड्यांतील धोबीपछाड हा डाव ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें सहज कळेल. लहान माणसाची कंबर आपोआपच मोठ्याच्या कमरेखालीं असते. म्हणून या डावांत ठेंगणेपणा सोयीचाच ठरतो. शास्त्रांतील दाविदाची कथा आपणांस ठाऊकच आहे. शौल राजाचें जड चिलखत त्यानें उतरवून ठेविलें आणि आपल्या सवयीची गोफण घेऊन तो गल्याथापुढें गेला. आपल्या अंगास काय साजतें हें ओळखणें हा शौर्याचा पहिला भाग होय, आणि एडिथबाईंना तो साधला होता.

या विद्येचा पहिला धडा प्रतिस्पर्ध्यास पाडण्याचा नसून आपण स्वतः पडण्याचा असतो. हनुवटी छातीशीं घ्यावी, म्हणजे डोकें आपटत नाहीं. पाठ गोल करावी. आणि अंग जमिनीस टेकतांच पसरलेला हात चटईवर जोरानें आपटावा, म्हणजे धक्का एकाच जागीं न बसतां सर्व अंगावर वांटला जातो. नवीन शिष्यास असें शेंकडों वेळां पडावें लागतें व प्रत्येक वेळीं उठून उभें राहावें लागतें. पुष्कळांच्या भित्रेपणाचें मूळ पडण्याच्या भीतींत असतें. आपण पडलों तर काय होईल, लोक हंसतील काय, या विचारानेंच पाय लटपटतात. जी मुलगी सकाळपासून पन्नास वेळां पडून पन्नास वेळां उठली आहे, तिच्यापुढें ही भीति फार काळ टिकत नाहीं. आत्मविश्वास म्हणून ज्याला म्हणतात तो उपदेशानें क्वचितच येतो. तो असा अंगांतून हळूहळू मनांत चढतो.

दुसरा धडा याहूनही महत्त्वाचा आहे. एखादा पेच असह्य झाला म्हणजे शिष्यानें हातानें चटईवर किंवा जोडीदाराच्या अंगावर थाप मारावयाची, आणि ती थाप पडतांच जोडीदारानें तत्क्षणीं पकड सोडावयाची, असा या विद्येचा कडक दंडक आहे. ज्याला बळ वापरतां येतें त्याला तें आवरतांही आलें पाहिजे, हें तत्त्व प्रत्येक दिवशीं अंगवळणीं पाडणारी ही शिस्त आहे. सरावाच्या आरंभीं व शेवटीं दोघांनीं एकमेकांस वांकून वंदन करण्याची चालही यांत आहे.

एडिथबाईंनीं ही विद्या इतकी आत्मसात केली कीं, १९०७ सालीं निघालेल्या एका लहानशा चित्रपटांत वाटमाऱ्यांस जुजुत्सूनें लोळविणाऱ्या स्त्रीची प्रमुख भूमिका त्यांनाच देण्यांत आली. १९०८ सालीं उयेनिशी इंग्लंड सोडून गेले, तेव्हां त्यांची शाळा गॅरड पतिपत्नींनीं चालविण्यास घेतली. विल्यम हे पुरुषांस शिकवीत. स्त्रियांचे व मुलांचे वर्ग एडिथबाईंकडे आले.

त्या वेळीं इंग्लंडांतील स्त्रियांस पार्लमेंटच्या निवडणुकींत मत देण्याचा हक्क नव्हता. तो मिळविण्यासाठीं अनेक संस्था झटत होत्या. त्यांपैकीं एक संस्था श्रीमती एमेलिन पँकहर्स्ट व त्यांच्या कन्या यांनीं १९०३ सालीं मँचेस्टर येथें स्थापिली होती. तिच्या अनुयायी स्त्रियांस लोक सफ्राजेट म्हणत. त्यांच्या सभांतून गुंड शिरत, व्यासपीठावर वस्तु फेंकीत आणि बोलणाऱ्या स्त्रियांस खालीं ओढीत. म्हणून जुजुत्सूचे प्रयोग करून दाखविण्याचें आमंत्रण गॅरड जोडप्यास आलें. अशा प्रसंगीं विल्यम यांनीं भाषण करावें व बाईंनीं डाव दाखवावे असा त्यांचा नित्याचा क्रम असे. बाईंनीं म्हातारपणीं सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, त्या दिवशीं विल्यम आजारी पडले व बाईंना एकटें जावें लागलें. डाव दाखविण्यांत त्या निष्णात होत्या, परंतु सभेंत बोलण्याची त्यांना मुळींच संवय नव्हती. पँकहर्स्टबाईंच्या आग्रहावरून त्यांनीं धीर केला व भाषणाचेंही काम पार पाडलें. इतकेंच नव्हे, तर प्रेक्षकांत उभ्या असलेल्या एका आडदांड पोलीस शिपायास त्यांनीं व्यासपीठावर बोलाविलें. या चिमुकल्या बाईस दुखापत होईल या भयानें तो बिचारा कचरत होता. पुढच्याच क्षणीं तो बाईंच्या खांद्यावरून पलीकडे जाऊन पडला. सभागृहांतील स्त्रियांस त्या दिवशीं काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. लवकरच मताधिकाराच्या चळवळींतील स्त्रियांसाठीं बाईंचे स्वतंत्र वर्ग सुरू झाले.

१९१० सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या सुप्रसिद्ध पंच साप्ताहिकांत एक व्यंगचित्र आलें. त्यांत एक ठेंगणी स्त्री एकटी उभी आहे आणि तिच्यापुढें पोलिसांचा जथा भेदरून गेला आहे, असा देखावा होता. लोक पोट धरून हंसले. परंतु त्याच वर्षीं १८ नोव्हेंबर रोजीं जें घडलें त्यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. सुमारें ३०० स्त्रिया गाऱ्हाणें घेऊन पार्लमेंटकडे निघाल्या. पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची कन्या सोफिया हीही त्यांत होती. पोलिसांनीं व भोंवतालच्या गर्दींतील पुरुषांनीं कित्येक तास त्या स्त्रियांस ढकललें, मारलें व जमिनीवर आपटलें. त्या दिवसास इंग्लंडच्या इतिहासांत काळा शुक्रवार असें नांव पडलें आहे. आत्मसंरक्षण ही गमतीची बाब नव्हे, हें त्यानंतर पुष्कळ स्त्रियांस उमगलें.

१९११ सालापासून बाईंचे हे वर्ग आर्गाइल स्ट्रीट येथील एका नृत्यशाळेंत भरूं लागले. याच सुमारास एका छोट्या नाटकांतील झटापटीचे प्रवेश त्यांनीं बसवून दिले, आणि एका व्यायामविषयक नियतकालिकांत स्त्रियांच्या आत्मसंरक्षणावर लेखही लिहिला. येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. चळवळींतील कांहीं स्त्रियांनीं पुढें दुकानांच्या खिडक्या फोडल्या, आगीही लाविल्या. खिडक्या फोडून आलेल्या स्त्रियांस आपल्या शाळेंत आश्रय दिल्याचें व त्यांचे हातोडे चटयांखालीं लपविल्याचें बाईंनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. या कृत्यांचें समर्थन करणें आम्हांस शक्य नाहीं. मागणी न्याय्य असली म्हणजे तिच्यासाठीं योजिलेलें प्रत्येक साधन न्याय्य ठरतें असें नाहीं. परंतु बाईंची खरी कामगिरी त्यांच्या शिकविण्यांत आहे, आणि तिचें मोल निराळें आहे.

या कामगिरीची कसोटी १९१३ सालीं लागली. कैदेंत पडलेल्या स्त्रिया अन्न वर्ज्य करीत. प्रकृति ढांसळली कीं सरकार त्यांस सोडी आणि जरा बऱ्या झाल्या कीं पुन्हा पकडी. त्या वर्षींच्या नव्या कायद्यानें ही पद्धति पक्की केली. लोकांनीं त्याला मांजर-उंदराचा कायदा असें समर्पक नांव दिलें. उपोषणानें खंगलेल्या पँकहर्स्टबाईंस पुन्हापुन्हा पकडलें जाऊं नये म्हणून सुमारें तीस स्त्रियांचें एक शरीररक्षक पथक उभारण्यांत आलें. त्याची प्रमुख कॅनडाहून आलेली गर्ट्रूड हार्डिंग ही तरुणी होती, आणि शिक्षण देण्याचें काम ४० वर्षें ओलांडलेल्या एडिथबाईंकडे आलें. पोलिसांस पत्ता लागूं नये म्हणून शिकवणीच्या जागा नेहमीं बदलाव्या लागत. या स्त्रिया आपल्या झग्यांत एक आयुध लपवून नेत, तें ऐकून आपल्या वाचकांस मौज वाटेल. तें आयुध म्हणजे आपल्या तालमींतील मुद्गल ! हिंदुस्थानांतील मल्ल मुद्गल फिरवितात हें पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो व्यायाम आपल्या देशीं नेला होता, आणि हिंदी मुद्गल याच नांवानें तो तेथील शाळांतून रूढ झाला होता.

हें पथक पुष्कळदां बळापेक्षां युक्तीनेंच काम साधी. १९१४ च्या फेब्रुवारींत पँकहर्स्टबाईंनीं लंडनमधील एका घराच्या सज्जांतून भाषण केलें. खालीं पोलीस वाट पाहत होते. भाषण संपल्यावर तोंडावर जाळी घेतलेली एक स्त्री रक्षक स्त्रियांच्या गराड्यांत बाहेर आली. मोठी झटापट झाली, पोलिसांनीं तिला पकडून नेलें, आणि मग त्यांस कळून आलें कीं ही कोणी दुसरीच आहे ! पँकहर्स्टबाई तोंपर्यंत निसटून गेल्या होत्या.

परंतु प्रत्येक वेळीं जय मिळाला असें नाहीं. ९ मार्च १९१४ रोजीं ग्लासगो येथील सेंट अँड्र्यूज सभागृहांत हजारों लोकांसमक्ष पँकहर्स्टबाई बोलूं लागल्या, तोंच पोलीस व्यासपीठावर धांवून आले. व्यासपीठाच्या कडेला फुलांच्या माळांत कांटेरी तार लपविलेली होती. रक्षक स्त्रिया मुद्गल घेऊन पुढें झाल्या. परंतु पोलिसांची संख्या अधिक होती. त्यांनीं काठ्या चालविल्या, स्त्रियांस मागें रेटलें व पँकहर्स्टबाईंस पकडून नेलें. त्या दिवशीं पथकाचा पराभव झाला. तरीही आदल्या पिढींत ज्यांच्या आयांना अनोळखी पुरुषापुढें मान वर करण्याचा धीर होत नसे, त्यांच्या मुली त्या दिवशीं जागचे पाय न हलवितां उभ्या राहिल्या. पडण्याचा धडा ज्यांनीं नीट गिरविला होता, त्यांना या पडण्याचीही लाज वाटली नाहीं.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें. पँकहर्स्टबाईंनीं चळवळ थांबविली व पथकही विसर्जन पावलें. पुढें १९१८ सालीं तीस वर्षांवरील व ठराविक पात्रतेच्या स्त्रियांस मताधिकार मिळाला, आणि १९२८ सालीं स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें तो देण्यांत आला. गॅरड पतिपत्नींनीं १९२५ सालापर्यंत शिकविण्याचा व्यवसाय चालविला व मग शाळा विकून टाकिली. त्यानंतर एडिथबाई प्रसिद्धीपासून दूर राहिल्या. वयाची नव्वदी उलटल्यावर स्त्रियांच्या एका साप्ताहिकानें त्यांची मुलाखत घेतली, तेव्हां कोठें नव्या पिढीस त्यांची ओळख झाली. १९७१ सालीं, ९९ वर्षांचें दीर्घायुष्य भोगून त्या निवर्तल्या. २०१२ सालीं लंडनच्या इस्लिंग्टन भागांत, ज्या घरीं त्या राहत असत तेथें त्यांच्या नांवाची स्मृतिफलिका बसविण्यांत आली. जुजुत्सूपासून निघालेल्या जुडो या खेळांत १९९२ सालापासून ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियाही पदकांसाठीं उतरूं लागल्या. हा दिवस बाईंना पाहावयास मिळाला नाहीं. परंतु त्या वाटेवरील पहिले कांहीं दगड त्यांनींच रचले होते.

कांहीं आईबापांस अशी भीति वाटते कीं, मुलीस असलें शिक्षण दिलें तर ती उद्धट होईल. ही काळजी अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. कोणतेंही बळ विनयावांचून मिळालें तर तें माणसाला बिघडवितें, मग तें बळ शरीराचें असो, पैशाचें असो वा विद्येचें असो. म्हणून चटईवर थाप पडतांच पकड सोडावयास लावणारा शिक्षक मुलीला मिळाला पाहिजे. कोणी असेंही म्हणतील कीं, क्षमेची शिकवण देणाऱ्या प्रभूच्या अनुयायांस मल्लविद्या काय करावयाची ? त्यांस आमचें नम्र सांगणें एवढेंच आहे कीं, भीतीनें मान खालीं घालणें आणि क्षमा करणें यांत महदंतर आहे. ज्याच्या हातीं प्रतिकाराची शक्ति आहे, त्यानेंच ती आवरली तर तिला क्षमा हें नांव शोभतें.

आणि मुलींनो, तुम्ही सर्वांनीं जुजुत्सुच शिकावें असें या चरित्राचें सांगणें नाहीं. कोणी लाठी घ्यावी, कोणी मल्लखांबावर चढावें, कोणी जुडो शिकावा. आपल्या अंगास काय साजतें हें दाविदाप्रमाणें आपलें आपण पाहावें. मात्र जी विद्या निवडाल तिच्या आरंभीं पडावें लागेल, आणि तेंही चारचौघांच्या देखत. त्या वेळीं चार फूट अकरा इंच उंचीच्या या बाईंची आठवण ठेवा. हनुवटी छातीशीं घ्या, हात चटईवर आपटा, आणि उठून पुन्हा उभ्या राहा.